काखेतल्या प्रोबचा माग

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांसाठी असलेल्या अतिदक्षता विभागात ‘कँडिडा ऑरिस’ ही बुरशी ठाण मांडून बसली होती. फेब्रुवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात ती ७० रुग्णांमध्ये सापडली. त्यांतले ६६ जण निदानाआधी याच विभागात राहून गेलेले. आसपासच्या वस्तूंवर मात्र ती क्वचितच हाती लागे.

संशय गेला तो ताप सतत मोजण्यासाठी काखेत ठेवल्या जाणाऱ्या प्रोबवर. एका रुग्णाचा काढायचा आणि दुसऱ्याला लावायचा, अशी ती साधी वस्तू. प्रोब लावलेल्यांमध्ये बुरशी कितीतरी जास्त आढळत होती. पण एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही.

इथे कामी आले ते जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे डीएनएतली अक्षरे ओळीने वाचणे. कोविडच्या काळात हा शब्द आपल्या रोजच्या बातम्यांत होता. या बुरशीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण डीएनए, सुमारे सव्वा कोटी अक्षरांचा. पेशीची नवी प्रत निघताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते. दोन नमुन्यांत मोजक्याच अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचा उगम अलीकडचा आणि एकच. प्रोबवरची बुरशी आणि रुग्णांमधली बुरशी अशीच एका कुळातली निघाली. प्रोब हटवले आणि नवे रुग्ण कमी झाले.

एवढा आटापिटा आवश्यकच होता. ही बुरशी त्वचेवर महिनोन् महिने गुपचूप राहते, रक्तात शिरली की जिवावर बेतते आणि फ्लुकोनाझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला बहुधा दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये तिला सर्वाधिक चिंतेच्या बुरशींत बसवले.

तिची पहिली नोंद २००९ची, जपानमधली, एका वृद्धेच्या कानातून घेतलेल्या नमुन्यातली. पुढे भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलातल्या नमुन्यांचे जीनोम जपानी नमुन्याशी ताडून पाहिले, तेव्हा चार वेगळी कुळे दिसली. कुळाकुळांत हजारो अक्षरांचा फरक. म्हणजे ती एका देशातून नुकतीच जगभर पसरलेली नव्हती. जवळपास एकाच सुमारास, वेगवेगळ्या खंडांत, तिने स्वतंत्रपणे माणसाला गाठले होते. हे का घडले, याचा उलगडा अजून व्हायचा आहे.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दोन रुग्णालयांतले १२ रुग्ण नोंदवले, तेव्हाच एक अडचण पुढे आली होती. प्रयोगशाळांतली प्रचलित यंत्रे हिला ‘कँडिडा हिम्युलोनी’ समजत. चुकीच्या नावाने नोंदलेला नमुना क्रमनिर्धारणापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांत आधी अचूक ओळख पटवण्याची सोय हवी, आणि मिळालेला प्रत्येक नमुना जपून ठेवण्याची.