मोटारसायकलला जादा दिवे लावताना विजेचा जमाखर्च पाहा

पहाटे अंधारात बाजार गाठणारे भाजी-मासळीचे व्यापारी, आठवडी बाजाराहून रात्री परतणारे कापडवाले, खेड्यापाड्यांत फेरी करणारे विक्रेते या सर्वांची मदार आज मोटारसायकलवर आहे. रस्त्यावर दिवे नसतात, कंपनीचा हेडलाइट अपुरा वाटतो. मग गॅरेजात जाऊन दोन जादा दिवे बसवले जातात. काही दिवसांत बॅटरी उतरते, सेल्फ लागत नाही आणि माल लादलेली गाडी भर रस्त्यात अडते. ग्राहक बॅटरीला दोष देतो, मिस्त्री कंपनीला. वास्तविक चूक हिशेबाची असते.

गाडीत वीज मॅग्नेट कॉईल तयार करते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिला बारा व्होल्टच्या यंत्रणेसाठी योग्य करून देतो. बॅटरी ही केवळ गल्ला आहे; कमाई कॉईलची. रोजचा खर्च कमाईपेक्षा वाढला की गल्ला रिकामा होणारच. मोठी बॅटरी टाकल्याने कमाई वाढत नाही, दिवाळे चार दिवस पुढे जाते एवढेच.

आता हिशेब पाहू. समजा, मध्यम वेगात कॉईल १२० वॅट देते. हेडलाइटला ३५, टेललाइटला ५, इग्निशन व मीटरला सुमारे २०, ब्रेकलाइट-हॉर्न-इंडिकेटरला सरासरी १० असे ७० वॅट गेले. बॅटरी भरण्यासाठी १५ वॅट ठेवले तर शिल्लक ३५. त्यातील थोडी शिल्लक हाताशी राखून २० वॅट खर्चता येतील. म्हणजे १० वॅटचे दोन एलईडी दिवे चालतील. त्याऐवजी ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले तर खर्च १८० वॅटवर जातो. बॅटरी भरणे दूरच, उलट ६० वॅट, म्हणजे ५ अँपिअर, तिच्यातून निघू लागतात. ५ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर तासभर टिकेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. आपल्या गाडीचा खरा आकडा मात्र सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कॉईलची कमाई इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. गाडी स्लोवर उभी असताना ती निम्म्याहूनही कमी असू शकते. म्हणून गर्दीत जादा दिवे बंद ठेवावेत. दुसरी, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटतो. तो खर्च कायमचा धरावा. तिसरी, अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉईलच्या एसी करंटवर चालतो आणि बॅटरीकडे अगदी थोडी वीज येते. अशा गाडीत बॅटरीवर दिवे जोडण्यापूर्वी जाणकार वायरिंगवाल्याचा सल्ला घ्यावा.

बाजारातील एलईडीच्या खोक्यावरील वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. दिवा बॅटरीला जोडून मल्टिमीटरने अँपिअर मोजावेत आणि त्यांना व्होल्टने गुणावे. येईल तो खरा खर्च.

जोडणी करताना बॅटरीच्या प्लसवरून वायर घ्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. २० वॅटचे दिवे पावणेदोन अँपिअर घेतात. त्यांना ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिवे रिलेमार्फत चालवावेत. रिलेच्या ३० नंबरवर फ्यूजची वायर, ८७ वर दिवे, ८५ वर अर्थ आणि ८६ वर स्विच. स्विचला करंट चावीनंतरचा द्यावा, म्हणजे चावी काढताच दिवे विझतील आणि रात्रभर बॅटरी उतरणार नाही. हेडलाइटच्या वायरला चिमटा मारून जोड देणे, फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे हे वायरिंग जाळण्याचे प्रकार आहेत.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून, सगळे दिवे लावून, थोडा रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले तर हिशेब जमला. तेराच्या खाली आले तर भार जास्त आहे. एक दिवा कमी करावा. व्होल्ट पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर तपासावा.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जादा दिव्यांवर दंडाची कारवाई होऊ शकते. बसवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. दिव्यांचा झोत खाली, रस्त्यावर राहील असा ठेवावा. समोरच्याचे डोळे दिपवून झालेला अपघात दोघांच्याही जिवावर बेततो.

गॅरेज चालवणाऱ्या कारागीर बांधवांना एक सूचना. बिलावर दिव्यांचे अँपिअर आणि काम झाल्यानंतरचे व्होल्ट लिहून द्यावेत. दहा मिनिटांचे हे काम आहे, पण उद्या तक्रार आली तर बोलायला आकडा हाती राहतो. आणि गाडीला भार पेलणार नसेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे. एका कामाची मजुरी जाईल, परंतु तोच ग्राहक पुढची दहा कामे आपल्याकडेच आणील.