खापराच्या पोटात लाख वर्षे

कवठे येमाईहून टाकळी हाजीच्या वाटेने कुकडीच्या पात्रात उतरले की पाणी दगड कसा खाते ते डोळ्यांनी दिसते. निघोजसमोरचे हे रांजणखळगे पुराच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरले. खडक आपला नेहमीचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, घणालाही सहजासहजी दाद न देणारा. पाण्यापुढे मात्र तो झिजला.

याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरली. घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत इवलीशी हाडे. जवळजवळ तीन हजार पावसाळे वर कोसळून गेले तरी कुंभाराच्या आव्यातून निघालेले ते खापर पुन्हा माती झाले नव्हते. अणुभट्टीतल्या कचऱ्याविषयी वाचताना मला दरवेळी ही मडकी आठवतात, कारण तिथला प्रश्नही हाच आहे: कशात ठेवावे म्हणजे पाणी आत शिरणार नाही?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा देशातला पहिला कारखाना १९६४ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला. अशा कारखान्यात इंधन नायट्रिक आम्लात विरघळवतात, युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतात, आणि मागे उरते ते अत्यंत किरणोत्सारी आम्ल. त्यातल्या सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे तीनेकशे वर्षांत त्यांचा जोर हजारपटीने ओसरतो. नेपच्युनियम-२३७ चे अर्धायुष्य मात्र एकवीस लाख वर्षे आहे. काढूनही थोडे मागे राहणारे प्लुटोनियम-२३९ चोवीस हजार वर्षांनी कुठे निम्मे होते. हे द्रव टाक्यांत कायमचे ठेवता येत नाही. त्याचे घट्ट काहीतरी करावेच लागते.

आज जगभर त्याची काच करतात. तारापूरला १९८०च्या दशकात आणि ट्रॉम्बेला २००२ मध्ये हे काम सुरू झाले. द्रव आटवून, काचेच्या कच्च्या मालाबरोबर हजारेक अंश सेल्सियसला वितळवून तो रस पोलादी डब्यात ओततात. मग डबे हवेने थंड होणाऱ्या तळघरात काही दशके ठेवायचे. ट्रॉम्बेची अडचण वेगळी होती. तिथल्या जुन्या द्रवात सल्फेट फार, आणि नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत ते मुरत नाही. वर पिवळा थर होऊन तरंगते, सिझियम ओढून घेते, आणि हा थर पाण्यात विरघळतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी बेरियम घातलेली काच बनवून हा पेच सोडवला. पुढे त्याच कचऱ्यातून सिझियम वेगळे करून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या, त्या रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांत जातात. हे काम मला मनापासून मोठे वाटते. त्याची मराठीत जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

तरीही काच हा शेवटचा मुक्काम नाही. काचेत अणू दाटीवाटीने, कसेही बसलेले असतात. तिच्यात जवळजवळ काहीही मुरते, हा तिचा गुण. पण तापलेल्या पाण्यात ती हळूहळू सुटते. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवुड यांनी सुचवले की कचऱ्याचा खडकच करावा. कचरा टायटॅनियमच्या ऑक्साइडबरोबर मिसळून, भाजून, उष्णतेत दाबून घट्ट करायचा, म्हणजे स्फटिकात प्रत्येक मूलद्रव्याला आपापली जागा मिळते. पेरोव्हस्काइटमध्ये स्ट्रॉन्शियम बसते, झिर्कोनोलाइटमध्ये प्लुटोनियमसारखे जड अणू. सिझियमची जागा हॉलंडाइटच्या बोगद्यासारख्या पोकळ्यांत. या सिरॅमिकला त्यांनी सिनरॉक म्हटले.

हॉलंडाइट हे नाव भारतातून गेलेले आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआजवळच्या काजलीडोंगरी या मँगनीजच्या खाणीत ते खनिज मिळाले, आणि भूवैज्ञानिक फर्मर यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख हॉलंड यांचे नाव त्याला दिले. स्फटिक किती काळ धरून ठेवतो याची साक्ष केरळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू देते. तिच्यातल्या मोनाझाइट या खनिजाने कोट्यवधी वर्षे थोरियम पोटात धरून ठेवले आहे, डोंगरातून झिजून, नदीतून वाहून, लाटांत घासूनही. कोणत्याही प्रयोगशाळेला एवढी लांब चाचणी घेता येणार नाही.

सिरॅमिकचे दोषही आहेत. ते निवडक असते, मिश्रण जरा चुकले की नको ते स्फटिक तयार होतात. किरणोत्सारी भुकटी जाड भिंतींआड, यांत्रिक हातांनी दाबायची म्हणजे जिकिरीचे काम. जड अणूंच्या माऱ्याने काही स्फटिक फुगतात, त्यांची घडी विस्कटते. मोनाझाइट या बाबतीत चिवट, झिरकॉन तितका नाही. म्हणून सगळ्या कचऱ्याचे सिरॅमिक करा, असे मी म्हणणार नाही. अल्पायुषी भाग काचेत ठेवावा, लाखो वर्षे जगणारा भाग वेगळा काढून स्फटिकात बांधावा. ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये आपला सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियमचा साठा इंधनासाठी न वापरता असाच बंदिस्त करायचे ठरवले.

हा कचरा शेवटी खोल खडकात पुरायचा, म्हणून आपल्या खडकाची गोष्टही इथे येते. दख्खनच्या बेसाल्टला सांधे आणि भेगा फार. शिरूरच्या विहिरींना पाणी येते ते त्यांतूनच. अमेरिकेत हॅनफर्डच्या बेसाल्टखाली अणुकचरा पुरायची योजना १९८७ मध्ये गुंडाळली गेली. भारताची खोल साठवण अजून कुठेही झालेली नाही. जागा ठरेल तेव्हा ठरेल, पण कचरा कोणत्या रूपात खाली जाणार हे आजच्या भट्ट्यांवर ठरते आहे.

रत्नागिरीत माडबनच्या सड्यावर १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. तिथल्या गावांनी वर्षानुवर्षे विचारलेला प्रश्न साधा आहे: उरलेल्याचे काय करणार? या प्रश्नाचे उत्तर सरकारने मराठीत, छापून, पाण्यातल्या चाचण्यांच्या आकड्यांसह द्यावे, आणि ते पहिल्या भट्टीचे काँक्रीट ओतण्याआधी द्यावे.