आज किती ग्रॅम वाढलं?

२८ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ ओंजळीत मावतं. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसतात. अंगावर चरबी नसल्याने ऊब टिकत नाही, म्हणून त्याला इनक्युबेटरच्या उबदार पेटीत ठेवतात.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते, एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्ग पसरे. तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं आणि लंगोट. ऊब आईच्या अंगाची, आणि दूधही त्यानं चांगलं उतरतं. बाबांची छातीही चालते, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगायला हवं!

अशी बाळं छातीशी धरून वॉर्डात तासन्‌तास एकत्र बसलेल्या आया हळूहळू एकमेकींशी बोलू लागतात. वीस ग्रॅम वजन वाढल्याचा आनंद त्यांच्याइतका कुणाला कळणार? घरी गेल्यावर शेजारीण विचारते, “सहा महिन्यांचं झालं, अजून मान धरत नाही?” तीन महिने आधी आलेल्या बाळाचं वय डॉक्टर तेवढे महिने वजा करून मोजतात, म्हणजे ते तीनच महिन्यांचं. हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच. पण त्याच वाटेनं गेलेली आई फोनवर म्हणते, “अगं, माझीनंही उशिराच धरली,” तेव्हा त्या रात्री झोप लागते.