चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

गरीब देशांतल्या आरोग्याचा आढावा 1978 च्या अल्मा-आता परिषदेपासून सुरू करायची रीत आहे. तिथं 134 देशांनी ‘2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य’ या घोषणेवर माना डोलावल्या. पुढं ती घोषणा कागदावरच राहिली. खरी गोष्ट त्याच्या सात वर्षं आधी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत घडली होती.

1971 साल. पूर्व पाकिस्तानातून आलेले लोंढे, पटकीची साथ आणि संपत आलेल्या सलाईनच्या बाटल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीसएक रोगी दगावत होते; ते प्रमाण चारांच्याही खाली आलं. वैद्यकविश्वाला हे पचायला वेळ लागला. पेल्यानं पाजायचं ते कसलं औषध! महालनोबिस यांना पद्मविभूषण जाहीर झालं 2023 मध्ये, ते गेल्यानंतर.

पण छावणीतलं शहाणपण घराघरांत पोचवायचं कसं? फझले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून बांगलादेशात जे केलं, त्यापाशी रेंगाळल्यावाचून राहवत नाही. तयार मिश्रणाच्या पुड्या वाटायच्या नाहीत, कारण पुडी संपते. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारी बाई दारात बसायची आणि घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. मग ती आईला तिच्या स्वतःच्या बोटांनी मीठ घ्यायला लावायची. महिन्याभरानं दुसरंच माणूस निवडक घरी जाऊन आईला प्रश्न विचारी, तिच्याकडून पाणी बनवून घेई. आईला जितकं आठवे, तितका शिकवणारीचा मेहनताना. असा पगार आपल्या शाळा-कॉलेजांत लागू केला तर काय हाहाकार उडेल! दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.

‘अडाणी बायकांना प्रमाण काय कळणार, मीठ जास्त पडलं तर?’ असं म्हणणारे विद्वान तेव्हाही होते, आजही परिसंवादांत भेटतात. शंका रास्त होती, म्हणून तर आयांनी बनवलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं जाई. शिकवणाऱ्यांचाच या पाण्यावर विश्वास नाही, हेही मध्यंतरी उघड झालं. मग आधी त्यांची समजूत घातली गेली. बायकांना मीटिंगांत बोलावून भागेना, तेव्हा बाजारात नि मशिदीत पुरुषांना गाठलं.

आपल्याकडे जामखेडला आरोळे दांपत्यानं 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्याच बाईला नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला नि औषध द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 2005 नंतर त्याच वाटेवरून ‘आशा’ या गावपातळीच्या आरोग्यसेविका आल्या, जवळपास दहा लाख. पण आज आशाताईचा निम्मा जीव रजिस्टरं आणि मोबाइलमधल्या नोंदींत अडकलेला. दारात बसून कुणाची चिमूट बघायला तिला सवड कुठली?

जलसंजीवनी, म्हणजे हेच पाणी, आता माहीत नाही असं कुणी उरलं नाही. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हगवण लागलेल्या शंभर मुलांपैकी साठेक मुलांनाच ती मिळालेली दिसली. बाकीच्यांना का नाही? कर्नाटक आणि बिहारमधल्या एका अभ्यासाचं उत्तर 2024 मध्ये आलं. खासगी दवाखानेवाल्यांना औषध ठाऊक आहे, पण पेशंटला ते नकोच असतं अशी त्यांची समजूत. अभ्यासकांनी मग खोटे बाप धाडले: घरी दोन वर्षांचं पोर, हगवण लागलीय. त्यांतल्या काहींनी मोबाइलवर जलसंजीवनीच्या पुडीचा फोटो दाखवला. त्यांना चिठ्ठीवर ती कितीतरी जास्त वेळा लिहून मिळाली.