सडाफटिंग इलेक्ट्रॉन

वऱ्हाडात जवसाची चटणी वर्षाची बेगमी म्हणून कोणी कुटून ठेवत नाही. अख्खं जवस टिकतं. कुटलं की लवकरच खवट वास मारतं. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं आणि त्यातले काही हायड्रोजन फार सैल असतात. त्यातला एक निघाला की मागे सडाफटिंग इलेक्ट्रॉन उरतो. असा रेणू म्हणजेच मुक्त मूलक. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, नवं मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं आणि साखळी चालू राहते. लाकडावर लावलेलं जवसाचं तेल याच साखळीमुळे वाळून कडक होतं. खाद्यतेलाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘आयएनएस ३१९’ दिसलं, तर ते ही साखळी तोडायला घातलेलं टीबीएचक्यू समजावं.

असं मूलक सुटं राहू शकतं, हे १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी दाखवलं. ते बनवायला गेले होते भलतंच संयुग. त्यांचं मूलक बऱ्यापैकी सोशिक होतं. बहुतेकांना क्षणभरही दम निघत नाही.

वऱ्हाडातल्या शेतात मात्र हा विषय पॅराक्वॉट या तणनाशकाच्या डब्यातून येतो. निंदणाला बाया मिळेनात, पावसाने डवरणी लांबली, की तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो. पॅराक्वॉट १८८२ पासून माहीत होतं. इलेक्ट्रॉन घेतला की ते निळं पडतं, म्हणून १९३३ पासून ते प्रयोगशाळेत दर्शक म्हणून वापरात आलं. तण मारण्याचा त्याचा गुण आयसीआय कंपनीला १९५५ मध्ये कळला आणि १९६२ मध्ये ते बाजारात उतरलं. हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषणाचा इलेक्ट्रॉन ते मधल्या मध्ये पळवतं, लगेच ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनवतं आणि पुन्हा रिकाम्या हाताने दुसरा इलेक्ट्रॉन घ्यायला येतं. स्वतः खर्चीच पडत नाही, ही यातली खरी गोम. ऊन असेल तर काही तासांत पान करपतं. तणाचं आणि पराटीचं, दोन्हींचं.

जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. त्या वाणाची सहनशक्ती ग्लायफोसेट या तणनाशकापुरती. ग्लायफोसेट एक विकर अडवतं, त्यात मूलकांचा खेळ नाही. पॅराक्वॉटपुढे तो वाणही साधा. ‘तणनाशकाला चालणारी कपाशी’ असं सरसकट म्हणणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. २०१७ मध्ये यवतमाळकडे शेतात फवारणाऱ्यांना झालेली विषबाधाही वेगळी. ती मुख्यतः कीटकनाशकांच्या फवारणीतली.

पॅराक्वॉट पोटात गेलं तर फुप्फुसाच्या पेशी त्याला पॉलिअमाइन, म्हणजे आपल्याला लागणारं द्रव्य, समजून आत ओढून घेतात. तिथे ऑक्सिजनला तोटा नाही. पानातलंच चक्र फिरू लागतं, पेशींची आवरणं जळतात आणि पुढे फुप्फुस राठ होत जातं. उतारा नाही. बाजारात ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचाही इथे भरवसा नाही. रुग्ण धापा टाकत असतो, नातेवाईक ऑक्सिजन लावा म्हणून विनवतात, आणि डॉक्टर मात्र अगदी नाइलाज होईपर्यंत तो लावायचं टाळतात, कारण त्या चक्राचं इंधन तोच असतो. युरोपीय संघात पॅराक्वॉट २००७ पासून बंद आहे.