अणूचे प्रारूप कोठे अडते?

अणुरचनेचा पाठ शिकविताना थॉमसन, रुदरफोर्ड, बोर ही नावे एकापाठोपाठ फळ्यावर येतात. आधीचा शास्त्रज्ञ चुकला व नंतरच्याने चूक सुधारली, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः प्रत्येक प्रारूप त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर उभे होते. ते कोठे अडले, हे मात्र पाठात एका ओळीत उरकले जाते.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविलेला बरा. मराठीत अणू व रेणू. हिंदीत त्यांनाच अनुक्रमे परमाणु व अणु म्हणतात. गुजराती व कन्नडमध्येही हिंदीसारखाच प्रकार आहे. त्यामुळे इंदूर, वडोदरा किंवा बेळगावच्या वर्गात 'अणू' म्हणताच काही मुले रेणूचा विचार करीत असतात.

थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. अणू उदासीन असल्याने त्यात धनप्रभार असणे भागच होते. पण तो कोठे, याचा पुरावा नव्हता. म्हणून १९०४ मध्ये त्यांनी धनप्रभाराचा गोल व त्यात वलयांत फिरणारे इलेक्ट्रॉन कल्पिले. यात गैर काही नव्हते.

अडचण १९०९ मध्ये मँचेस्टरला आली. गायगर व विद्यार्थिदशेतील मार्सडेन अंधाऱ्या खोलीत झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. प्लॅटिनमवर आदळलेल्या सुमारे ८,००० अल्फा कणांपैकी एक मागे फिरत होता. अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सात हजारांहून अधिक पट जड. इलेक्ट्रॉन त्याला मागे वळवू शकत नाही. पसरलेला धनप्रभारही नाही. याचा उलगडा रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केला: प्रभार व बहुतेक वस्तुमान अतिसूक्ष्म केंद्रात एकवटलेले असले पाहिजे. (त्या लेखात केंद्राचा प्रभार धन की ऋण, हे त्यांनी निश्चित सांगितले नव्हते, पाठ्यपुस्तके मात्र सांगून टाकतात.)

पण फिरणारा इलेक्ट्रॉन अभिजात विद्युतशास्त्रानुसार ऊर्जा उत्सर्जित करणार आणि सेकंदाच्या एक अब्जांशापेक्षाही कमी वेळात केंद्रकावर कोसळणार. अणू तर टिकून आहेत! बोर यांनी १९१३ मध्ये ठराविक ऊर्जेच्या कक्षा गृहीत धरल्या. त्या कक्षांत उत्सर्जन का होत नाही, याचे कारण त्यांनी दिले नाही, तसा नियमच घातला. तरीही हायड्रोजनच्या वर्णरेषा अचूक जुळल्या, आणि हेच त्या प्रारूपाचे बळ.

मात्र दोनच इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशी ते अडले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचे समीकरण व मॅक्स बोर्न (हे बोर नव्हेत) यांनी लावलेला त्याचा अर्थ यांमुळे निश्चित कक्षेची जागा संभाव्यतेने घेतली. बोर-चित्र शिकवून झाल्यावर हेलियमचा प्रश्न वर्गात जरूर काढावा. वह्यांत तर सोडियमच्याही गोल कक्षा काढलेल्या असतात.