बंब पोहोचण्याआधीची मिनिटं

११ जुलै २००६. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पश्चिम रेल्वेवर पहिला स्फोट झाला आणि पुढच्या ११ मिनिटांत सात लोकलचे पहिल्या वर्गाचे डबे फुटले. त्यातली एक गाडी माटुंगा रोड आणि माहीमच्या दरम्यान होती. ऐन गर्दीची वेळ, पावसाळ्याचे दिवस, त्यात मोबाइल लागेनात. अशा वेळी रुळांकडे आधी धावले ते आजूबाजूचे रहिवासी आणि गाडीतलेच धडधाकट प्रवासी. घरातल्या चादरी आल्या, त्यांच्या झोळ्या झाल्या, आणि त्या झोळ्यांतून जखमी रस्त्यापर्यंत पोहोचले. तिथून टॅक्सी, टेम्पो, जे मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात. त्या संध्याकाळी १८०हून अधिक माणसं गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांचा जीव त्या चादरींवर तगला.

पण ज्या हातांनी त्या चादरी धरल्या, त्यांना या शहराने कधी काही शिकवलं होतं का? रक्त भळाभळा वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरायची आणि दाब सोडायचा नाही. पाठीच्या कण्याला मार बसल्याचा संशय असेल आणि आगीचा किंवा आणखी कशाचा धोका नसेल, तर माणसाला उगाच उचलायचं नाही. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. अर्ध्या दिवसाचा वर्ग पुरतो.

प्रत्येक घाव सोसल्यावर मुंबईने साधनं घेतली. मार्च १९९३च्या स्फोटांत दादरचं प्लाझा हादरलं, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप हादरला. त्यानंतरच्या शोधात पोलिसांच्या ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. पुण्यात शिकलेलं ते जनावर होतं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातातल्या लाठीनिशी दहशतवाद्याच्या एके-४७च्या नळीला भिडले. त्यांच्या शौर्याला तोड नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तरी त्या रात्री त्यांच्या हाती लाठीच होती, हे शल्य या शहराने विसरू नये. पुढे ‘फोर्स वन’ उभी राहिली, त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल आला, आणि २०१६पर्यंत रस्त्यारस्त्यांवर सुमारे ४,७०० कॅमेरे लागले. कॅमेरा गुन्ह्याच्या तपासात फार कामाचा आहे. जखमीला मात्र तो उचलून नेऊ शकत नाही.

अग्निशमन दलाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण प्रशिक्षण म्हणजे काय ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही. दुपारभर जवान पाण्याचा मारा करत राहिले. चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले आणि त्यात ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. त्याच्या ७१ वर्षांनंतर, ९ मे २०१५ला, काळबादेवीच्या गोकुळ निवासची वर्दी आली. आग विझवताना ती जुनी इमारत कोसळली आणि मुंबईने एकाच आगीत चार अधिकारी गमावले: संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. प्रमुख अधिकारी आपल्या माणसांच्या पुढे उभा होता.

जुन्या इमारतीत लाकूड असतं, लोखंडी तुळया असतात. लाकूड जळताना वरून कोळसा होतं आणि आतला गाभा काही काळ टिकतो. पोलादाचं तसं नाही. साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यात वर साठवलेल्या मालाने पाणी पिऊन घेतलं की मजल्यावरचं वजन वाढतं. आत शिरलेल्या जवानाला डोक्यावरच्या छताचा हा हिशेब मनातल्या मनात मांडता आला पाहिजे. असा हिशेब शिकवणारी अभियांत्रिकी संस्था, व्हीजेटीआय, माटुंग्यातच आहे. १८८७ साली भायखळ्यात सुरू झालेली आणि १९२३मध्ये माटुंग्यात आलेली ही संस्था. मुंबईचं अग्निशमन दलही १८८७चंच. रसायनांच्या आगीचं शास्त्र जाणणारी, १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था त्याच परिसरात, आणि दलाचं प्रशिक्षण केंद्र शेजारच्या वडाळ्यात. इतकी विद्या एका हाकेच्या अंतरावर असणं हे मुंबईचं भाग्य आहे. ती रोजच्या सरावात उतरायला हवी.

नव्या भरतीचा जवान होज अंथरायला, गुंडाळायला, जोडायला शिकतो. शिडी खांद्यावर घेऊन धावायला, दोराच्या गाठी अंधारात मारायला शिकतो. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, समोर धूर. शिट्टी वाजली की हवा संपत आली हे ओळखून त्याच वाटेने परत यायचं. इथे श्वाससुद्धा शिकावा लागतो, कारण घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो आणि सिलिंडर वेळेआधी रिकामा होतो. अधिकाऱ्यांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. यंत्रंही आली आहेत. नव्वद मीटर उंचीपर्यंत जाणारी शिडी आहे. जुलै २०१९मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा नवा रोबो आणला होता. गच्चीत अडकलेली माणसं मात्र शिड्यांवरून जवानांनीच उतरवली. ही यंत्रं हवीतच. ती चालवणारा हात रोज सरावातला असावा, एवढीच त्यांची अट असते.

आता माटुंग्याच्या गल्ल्या पाहा. प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा आखताना रुंद रस्ते, मोकळ्या जागा, तीन-चार मजल्यांची घरं असा विचार केला. पाच उद्यानांभोवती तो अजून दिसतो. त्याच भूखंडांवर आज टॉवर उभे राहताहेत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा आहेत. मोठ्या शिडीची गाडी नुसती आत शिरून भागत नाही, तिला चारी पाय पसरून रोवायला जागा लागते. मग टॉवरमधल्या माणसाला आधार उरतो तो इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेचा. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना ‘ब’ सादर करायचा असतो. आपल्या सोसायटीने तो वेळेवर दिला का, हे सर्वसाधारण सभेत जरूर विचारा. आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या मजल्यावर जुनी कपाटं, सायकली रचल्या असतील तर त्या आजच हलवा. जिन्यातल्या होजरीलचा नळ उघडून पाणी येतं का, ते एकदा सगळ्यांनी मिळून पाहा.

तयारी इमारतींत हवी तशी स्थानकांतही हवी. जुलै २०१७मध्ये मध्य रेल्वेचं माटुंगा स्थानक पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती आलं. स्टेशन व्यवस्थापक, तिकीट तपासनीस, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवान, सगळ्या बायका. फलाटावर कुणी कोसळलं की जवळ असतात त्या याच. तिकीट तपासनीस असो वा फलाटावरचा हमाल, प्रत्येकाला हृदय बंद पडल्यावर काय करायचं ते आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही: मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून, निदान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. नंतर पोलीस छळतील ही भीती मनातून काढा. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यावर आता स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

चांगुलपणाला माहितीची जोड नसली तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एल्फिन्स्टन रोड परिसरात पाणी ओसरावं म्हणून मॅनहोल उघडलं गेलं आणि घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर त्यात वाहून गेले. नंतर महापालिकेने मॅनहोलखाली जाळ्या बसवायला सुरुवात केली. किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, हिंदमाता या भागांतल्या माणसांनी पाणी तुंबल्यावर झाकणाला हात न लावता महापालिकेच्या १९१६ या क्रमांकाला फोन करावा.

आणि आग लागल्यावर अग्निशमन दलाच्या १०१ला फोन कराल तेव्हा फक्त ‘लवकर या’ म्हणून ठेवून देऊ नका. इमारतीचं नाव, गल्ली, जवळची खूण, कितवा मजला, आत कुणी अडकलंय का, सिलिंडर किंवा रसायनं आहेत का, हे सांगा. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. लिफ्ट वापरू नका. एका जाणत्या पोराला गल्लीच्या तोंडाशी उभं करा, बाकीच्यांनी आडव्या लावलेल्या गाड्या हलवायला घ्या.